शेवटच्या खुर्चीपर्यंत

सोयाबीन निघायला लागलं की माझं डोकं फिरतं. यात सोयाबीनचा काही दोष नाही. ते बिचारं आपल्या वेळेवर पिवळं पडतं, कापलं जातं, थ्रेशरमधून निघून बाजाराच्या रस्त्याला लागतं. त्याचा भुसा हवेत उडतो, मानेवर आणि कोपराच्या आत जाऊन बसतो, आणि आंघोळ केली तरी खाज जात नाही. हे सगळं मला मनापासून आवडतं. कारंज्याच्या हायवेवर या दिवसांत जो वास असतो, कापलेल्या सोयाबीनचा, तापलेल्या डिझेलचा आणि ढाब्यावरच्या फोडणीचा, तो कुणी बाटलीत भरून दिला तर मी विकत घेईन. राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. याच दिवसांत आमच्या कृषी केंद्रासमोरच्या चौकात बांबू येऊन पडतात, दुर्गादेवीचा मंडप उभा राहतो आणि एका दुपारी तो आवाज येतो, "हॅलो, चेक, माईक चेक." झालं. तिथून कोजागिरीपर्यंत मी माणसात नसते. बाबा गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवतात, हिच्याशी जरा जपून बोला म्हणून.

यंदा तर माईक चेक व्हायच्या आधीच भाऊंचा फोन आला.

भाऊ म्हणजे चौकातल्या मंडळाचे अध्यक्ष. मी शाळेत होते तेव्हाही अध्यक्ष होते, आजही आहेत. गोड बोलतात. कुणाच्या घरी मयत झाली तर पहिले पोचतात, हेही खरं. पण स्टेज दिसलं की या माणसाच्या अंगात काहीतरी येतं.

"ताई, तुमचा तो बँड होता ना, गोडाऊन का काय," भाऊ म्हणाले. "तुमचं ते आदिवासी गाणं यंदा आपल्या स्टेजवर ठेवून राह्यलो आम्ही. आजकाल त्या आयटमले लय डिमांड हाय. मोबाईलवर पाह्यत असान तुमी. आन ड्रेसचं टेन्शन नका घेऊ. पानापानाचे ड्रेस मंडळ आणून देईन नागपूरहून."

पानापानाचे ड्रेस! मी एवढंच म्हणाले की रोशनीला विचारून सांगते, आणि फोन ठेवून समोर आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकावर खेकसले. त्या माणसाला फक्त हरभऱ्याचं बियाणं हवं होतं.

हा बँड निघाला तेव्हा आम्ही तिघं कॉलेजात होतो. मी, प्रफुल्ल आणि रोशनी. प्रफुल्लच्या वडिलांचा हायवेवर ढाबा. त्यानं नागपूरहून एक जुनी गिटार आणली होती आणि मोबाईलवर बघून बघून शिकला होता. मला हार्मोनियम येत होती, कारण बाबांच्या भजनी मंडळाची पेटी आमच्याच घरी असायची आणि लहानपणी मला तिच्याशिवाय दुसरं खेळणं नव्हतं. रोशनी तालुक्यातल्याच टेकडीकडच्या गावची, गोंड घरातली. कारंज्याला मुलींच्या वसतिगृहात राहायची. वर्गात ती फारशी बोलायची नाही, पण बोटं मात्र सतत बाकावर चालायची, आणि तो ताल असा काही असायचा की शिकवणारे सर मधेच थांबून म्हणायचे, "कोन हाय ते?" आणि आम्ही सगळे खिडकीबाहेर बघायचो.

बँड काढायचं डोक्यात आलं ते पावसाळ्याच्या तोंडावरच्या एका वरातीत. डीजेची भिंत चौकातून चालली होती. आमच्या दुकानाच्या काचा थरथरत होत्या, फवारणीच्या औषधांच्या बाटल्या फळीवरून पुढे पुढे सरकत होत्या आणि बाबा दोन्ही हातांनी त्या धरून उभे होते. प्रफुल्ल माझ्या कानात ओरडला, "आपुन आपलं वाजवू ना व काही तरी!" मला ऐकूच आलं नाही. त्यानं ते मोबाईलवर टाइप करून दाखवलं. अशा रीतीनं आमचा बँड निघाला.

घरोघरी सांगितलं तर सगळ्यांना वाटलं आम्ही लग्नात वाजवणार. माझी आत्या देवळीहून आली होती. ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "काऊन व, आता वरातीपुढे पेटी घेऊन चालतं का तू?" प्रफुल्लच्या वडिलांनी तर पुढच्या लगीनसराईची एक ऑर्डरही घेऊन टाकली होती, ती रद्द करताना त्यांची फार पंचाईत झाली.

तालमीला जागा म्हणजे आमच्या दुकानामागचं गोडाऊन. वर टिनाचं छप्पर, खाली युरिया आणि डीएपीची पोती छतापर्यंत रचलेली. मधे गल्लीसारखी जागा, तिथे आम्ही तिघं गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. औषधांच्या वासानं डोकं जड व्हायचं. त्या जागेत आवाज जन्मायचा आणि तिथल्या तिथे मरायचा. रोशनी जीव तोडून गायची, तरी वाटायचं की तिच्या तोंडावर कुणी गोधडी धरली आहे. पण हळूहळू आमचा आवाज भरत गेला. खरंच भरत गेला! पोळा झाला, गणपती गेले, आणि आम्ही तिघं चकित व्हायचो की काय दमदार लागतंय आपलं. सूर लांबत होते. पेटी घुमत होती. प्रफुल्ल म्हणायचा, "हे रियाजाचं फळ हाय बावा." एकदा बाबा शटरपाशी आले, क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "लय घुमून राह्यलं आता." आम्ही ते कौतुक म्हणून घेतलं. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की खरीप संपत आला आहे, पोती विकली गेली आहेत आणि गोडाऊन रिकामं झालं आहे. जे घुमत होतं ते टिनाचं छप्पर होतं. खताच्या दुकानात वाढलेल्या मुलीला हे कळू नये! पण आपलाच आवाज आपल्याला आवडायला लागला की माणूस छपराकडे कशाला बघतो.

टिमकी रोशनीची. मातीच्या भांड्यावर ताणलेलं चामडं आणि दोन काड्या. पावसाळी हवेत ते चामडं ढिलं पडायचं आणि भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं वाजायचं. त्याला शेक द्यावा लागतो. गावाकडे रोशनीचे लोक कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ करून शेकतात, पण गोडाऊनमध्ये काडी ओढली असती तर अर्धा चौक उडाला असता. मग आम्ही तालमीच्या आधी प्रफुल्लच्या ढाब्यावर जायचो. तंदूरच्या तोंडाशी रोशनी टिमकी धरायची, फिरवायची, बोटानं टिचकी मारून कान लावायची, पुन्हा फिरवायची. बाजूला रोट्या भाजल्या जात. एक पंजाबी ड्रायव्हर बाजेवर बसून हे बघत होता. तो म्हणाला, "बेटा, इसको थोड़ा और सेंको, अभी कच्ची है." आणि खरोखर ती अजून कच्चीच होती. तंदूरमुळे टिमकीला कायमचा रोटीचा वास लागला, तो अजून गेलेला नाही.

गाणं कुठलं म्हणायचं यावर बरेच दिवस गेले. प्रफुल्लला हिंदी हवं होतं, मला भजन सोडून काही नीट येत नव्हतं. मग एकदा रोशनीनं सहज तिच्या आजीचं गाणं म्हटलं आणि वाद संपला. नवं धान्य घरात आलं की पहिला घास घेण्याआधी तिच्या घरी ते म्हणतात. भाषा गोंडी. मला एक अक्षर कळत नव्हतं. रोशनीनं समजावलं, की धान्य दाराशी येऊन विचारतं. मला पेरलं कुणी? पाखरांपासून राखलं कुणी? माझी वाट बघत उपाशी कोण राहिलं? प्रत्येक कडव्यात एक सवाल, आणि जे बसले असतील त्यांनी गाऊनच जबाब द्यायचा.

"आन जबाब नाही आला तर?" प्रफुल्लनं विचारलं.

"त थांबाचं," रोशनी म्हणाली. "जबाब आल्याबिगर पुढं नाई जाता येत. खाता बी येत नाई."

मला ते फार आवडलं. सगळीकडे एकच माणूस बोलतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात, असल्या जगात राहून राहून मी कंटाळले होते.

भाऊंनी आम्हाला मंडपात जागा दिली. तेव्हा आम्ही किती हरखलो होतो, ते आठवलं तरी आज लाज वाटते. ते एका संध्याकाळी गोडाऊनला आले, खुर्ची मागवून बसले आणि अर्धं गाणं ऐकून त्यांनी हात वर केला.

"मस्त हाय. पण हे कोनत्या भाषेत हाय?"

रोशनीनं सांगितलं.

"तसं नाई पोरी. चांगलंच हाय. पण आपल्या लोकायले समजत नाई ना ते. एखादं हिंदी टाका."

समजत नाही! याच चौकात अख्खी रात्र पंजाबी गाण्यांवर पोरं घाम गाळतात. वराती निघतात त्या तेलुगू गाण्यावर. कुणी कधी डीजेवाल्याला थांबवून विचारलं आहे का, की बाबा रे, या ओळीचा अर्थ काय? इंग्रजी गाण्यावर मान डोलावणाऱ्याला आपण हुशार म्हणतो. आणि कारंज्यापासून जीपनं गेलं तर चहा गार होणार नाही इतक्या जवळच्या टेकडीवरची भाषा कानावर आली की लगेच आपल्या लोकांना समजत नाही. आपले लोक म्हणजे नेमके कोण, हे मला भाऊंना विचारायचं होतं. मी विचारलंही. ते हसले आणि म्हणाले, "तुमी दुकानदाराच्या पोरी, बोलण्यात कोन जिंकन तुमच्यासंगं." शेवटी त्यांनी होकार दिला, एवढं मात्र कबूल करते.

रोशनीनं गावी निरोप पाठवला. तिची आजी येणार होती. आजी तालुक्याला यायची ती दवाखान्यासाठी नाहीतर बाजारासाठी. मंडपात खुर्चीवर बसून कार्यक्रम बघायला ती पहिल्यांदा येणार होती. आणि रोशनीनं एक ठरवून टाकलं. आधीच्या सवालांचे जबाब प्रफुल्ल आणि मी देऊ. पण शेवटच्या सवालाचा जबाब आजी देईल, खाली लोकांत बसून, आपल्या जागेवरून. अख्ख्या गावासमोर. "तुमी मंधात नका पडजा," तिनं आम्हाला बजावलं. रोशनीला बक्षीस नको होतं, टाळ्यांचंही तिला फारसं अप्रूप नव्हतं. या चौकात तिच्या आजीचा आवाज निघावा आणि लोकांनी मान वळवून बघावं, इतकंच तिला हवं होतं.

आजी जीपनं आली. धुवट हिरवं लुगडं, गळ्यात चांदीची सरी, हातात पिशवी आणि पिशवीत आमच्यासाठी शेंगा. मी तिला पुढे न्यायला लागले, तर एक स्वयंसेवक आडवा आला. पुढच्या रांगा राखीव. सोफा पाहुण्यांचा, त्यामागच्या खुर्च्या पाहुण्यांसोबत येणाऱ्यांच्या, त्यामागच्या वर्गणीदारांच्या. सगळा पुढचा मंडप रिकामा होता आणि आजी शेवटच्या रांगेत, जनरेटरच्या अलीकडे बसली. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती खुर्चीच्या हातावरून हात फिरवत होती.

आमच्या आधी एका डान्स क्लासच्या मुलांचा कार्यक्रम होता. निवेदकानं सांगितलं, "सादर होत आहे आदिवासी नृत्य." मुलं आली. कमरेला क्रेप कागदाची हिरवी पानं, डोक्याला पिसं, हातात पुठ्ठ्याचे भाले, आणि तोंडं काळी रंगवलेली. हू हू करत ती गोल फिरली. मधे एकाला खांबाला बांधून भाजून खाण्याचंही दाखवलं. चौक हसत होता, शिट्ट्या वाजत होत्या. लहान मुलं होती ती, त्यांना मी काय बोलू? त्यांना असं उभं करणाऱ्या मोठ्या माणसांना मात्र मी आजही माफ केलेलं नाही. मी रोशनीकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात प्रफुल्ल खालून पळत आला. तो आजीला पाणी देऊन आला होता. आजीनं त्याला विचारलं होतं, "हे कोन्या देशाचे लोकं होय रे बाप्पा?"

मग आम्ही. खुर्च्यांवर बसलो, मधे रोशनी, पुढे एक माईक. पहिल्या दोन सुरांतच कळलं. आवाज वळून येत नव्हता. उघड्या चौकात तो तोंडातून निघायचा आणि परत यायचाच नाही. माईक होता म्हणून निभावलं. पण रोशनी गात होती आणि हळूहळू चौक शांत होत होता. पानवाल्यानं रेडिओ बंद केला. पहिला सवाल, आमचा जबाब. दुसरा सवाल, आमचा जबाब. मला वाटलं, जमतंय. लोक ऐकतायत. अर्थ न कळता ऐकतायत, जसे ते बाकी सगळं ऐकतात. शेवटचं कडवं तेवढं राहिलं होतं.

तेव्हाच पाहुण्यांची गाडी आली.

फटाक्यांची लड लागली. भाऊंनी साउंडवाल्याकडे बघून हात असा खाली केला, नळ बंद करतात तसा, आणि आमचा माईक मेला. निवेदकाचा माईक जिवंतच होता. "मान्यवरांचं आगमन होत आहे, सर्वांनी जागेवर उभं राहून…" रोशनी थांबली नाही. फटाके संपल्यावर तिनं माईक बाजूला सारला आणि उघड्या गळ्यानं शेवटचा सवाल म्हटला. माझी वाट बघत उपाशी कोण राहिलं? म्हटला आणि थांबली. रीतीप्रमाणे. जबाबासाठी. तिची नजर थेट शेवटच्या रांगेवर होती.

शेवटच्या रांगेत आजी सगळ्यांसारखी उभी होती, कारण उभं राहायला सांगितलं होतं. समोर लोकांच्या पाठी, बाजूला जनरेटर. गोडाऊनच्या टिनानं आम्हाला शिकवलं होतं की आपला आवाज फार मोठा आहे. तो चौथ्या रांगेलाही पोचला नाही.

रोशनी वाट बघत राहिली. टिमकीवर काड्या तशाच टेकवून. आणि ती शांतता बघून निवेदकाला वाटलं, झालं यांचं. "वा वा! जोरदार टाळ्या! अतिशय सुंदर असं आदिवासी नृत्य आपण पाहिलं!"

नृत्य! आम्ही तिघं खुर्च्यांवर बसलो होतो.

पुढे सत्कार. पाहुण्यांचा, पाहुण्यांसोबत आलेल्यांचा, मंडप देणाऱ्याचा, बाकी राहिलेल्यांचा. शाल, नारळ, फोटो. शाल, नारळ, फोटो. या जिल्ह्यात जितकं नुकसान बोंडअळीनं केलं नसेल तितकं सत्कारानं केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पाहुणे कलेला वाव मिळाला पाहिजे यावर बोलले. बोलण्यासाठी त्यांनी ज्यांचा वाव काढून घेतला ते आम्ही स्टेजच्या बाजूला वायरींमध्ये उभे होतो. शेवटी आदिवासी संस्कृती जपल्याबद्दल ढाल दिली गेली, ती त्या डान्स क्लासला.

जीप निघायला वेळ होता. आजी पिशवी सावरत बसली होती. तिनं रोशनीला विचारलं, आमच्यासमोर म्हणून मराठीतच, "म्हणलं का तू?"

"म्हणलं आजी."

"मले सवालच नाई ऐकू आला व. आला असता त म्या देल्ला असता ना जबाब."

असं म्हणताना आजी खजील झाली होती. चूक तिचीच झाली असं तिला वाटत होतं! त्या संध्याकाळचं बाकी सगळं मी एक वेळ विसरेन, पण एका म्हाताऱ्या बाईला भर चौकात आपल्या कानांची लाज वाटायला लावली, हे विसरणार नाही.

यानंतर बँड मोडला असं म्हणता येणार नाही. रबीची पोती आली, गोडाऊन पुन्हा भरलं, परीक्षा आल्या. प्रफुल्ल ढाबा सांभाळायला लागला, मी दुकान. रोशनी नर्स झाली, आता आमच्याच तालुक्यात गावोगाव लसी घेऊन फिरते. भेट होते, बोलणं होतं, गाण्याचा विषय तेवढा आम्ही काढत नव्हतो. मी कधी हे कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, "जाऊ द्या न ताई. स्टेज त भेटलं ना?" हे 'स्टेज त भेटलं' मला असह्य होतं. स्टेज म्हणजे काय प्रसाद आहे, हातावर पडला की कपाळाला लावून गप्प बसायचं?

भाऊंच्या फोननंतर रोशनी दुकानात आली. स्कूटीला लसींचा डबा लावलेला, कपाळावर सोयाबीनचा भुसा. मला वाटलं, आता ही पेटेल. मी तयारच होते, भाऊंना काय काय ऐकवायचं ते दोन दिवस घोकत होते. ती पानापानाचे ड्रेस ऐकून हसायला लागली. हसता हसता काउंटरवर डोकं ठेवलं. मग डोळे पुसून म्हणाली, "लाव फोन. स्पीकरवर टाक."

"भाऊ, रोशनी बोलून राह्यली. आमी येतो."

"वा! मंग ड्रेसचं माप…"

"ड्रेस नाई लागत. आमच्या घरी कपडे हायेत."

"बरं बाप्पा. तुमची मर्जी."

"आन माही आजी सोफ्यावर बसन. पुढं."

"सोफा पाहुण्याईसाठी असते ना पोरी."

"पाहुणीच हाय ना ते. तुमीच त बोलावून राह्यले."

"पाह्यतो मी," भाऊ म्हणाले. "पण एक सांगतो, पाहुणे आले त दोन मिनिटं थांबा लागन. माईक द्या लागते त्याईले."

"द्या ना माईक," रोशनी म्हणाली. "आमी जबाब आल्यावर थांबू."

"कोनता जबाब?"

"ऐकसान त्या दिवशी."

मी चिडले. फोन ठेवल्यावर तिच्यावरच चिडले. तो माणूस पुन्हा तेच करणार, सोफाही देणार नाही, पुन्हा हात खाली करणार, आणि तू हो म्हणालीस? रोशनी शांतपणे म्हणाली, "करू दे. या टाइमले गोडाऊनमंधी नाई बसाचं आपल्याले."

म्हणून यंदा आमची तालीम प्रफुल्लच्या ढाब्यामागच्या अंगणात चालते. वर छप्पर नाही. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला कापलेलं रान. प्रफुल्लनं गिटार काढली तेव्हा तिच्या पोटात झुरळांचा संसार निघाला. टिमकी तंदूरवर शेकली जाते, आणि आता ड्रायव्हर तिचे व्हिडिओ काढतात. आजी येऊन राहिली आहे रोशनीकडे. आधीपेक्षा वाकली आहे, कानही आधीसारखे राहिले नसणार. तिची बाज आम्ही अंगणाच्या पार टोकाला, कडुलिंबाखाली टाकतो. मंडपातली शेवटची रांग जितकी लांब होती, त्याहून लांब. सवाल ऐकू आला की तिनं जबाब द्यायचा, असं ठरलं आहे.

पहिल्या संध्याकाळी ती नुसती बसून राहिली. आम्ही जवळ गेलो तर म्हणाली, "सुरू केलं का?" माझा धीर सुटला. पण रोशनी रोज उभी राहते, पाय रोवून, हायवेकडे तोंड करून. तिनं आवाज वाढवला नाही, पोटातून काढायला लागली. मी पेटीचे सूर कमी केले, प्रफुल्लनं गिटार जवळपास सोडली. जे पोचत नाही ते टाकून द्यायचं, एवढा एकच नियम. राग मात्र मी टाकलेला नाही. तो मला पेटीचा भाता मारणाऱ्या हाताला उपयोगी पडतो.

काल संध्याकाळी रोशनी शेवटच्या कडव्याला आली आणि नेमका अमरावतीकडून एक लांबलचक ट्रक आला, हॉर्न दाबून, मागे दुसरा, तोही दाबून. मी मनात म्हटलं, आली पाहुण्यांची गाडी. रोशनीनं सवाल म्हटला. माझी वाट बघत उपाशी कोण राहिलं? आणि ती थांबली. ट्रक जात होते. धूळ उडाली, लिंबाखालचं काही दिसेना. आम्ही तिघंही थांबलो.

धुळीतून जबाब आला. फाटका, म्हातारा, पण सुरात, आणि हॉर्नच्या वरून. ढाब्यावरचे ड्रायव्हर हातातली रोटी तशीच धरून मान वळवून बघायला लागले. धूळ खाली बसली तेव्हा आजी बाजेवरून उठून उभी होती. कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं.

आता भाऊंनी खुशाल माईक बंद करावा.